खोडलेला रकाना

रामबाग, इंदूर
१४ जून

प्रिय नीलू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एकही पत्र लिहिले नाही, याबद्दल तू रागावली असशील तर तो राग रास्त आहे. आम्हा सर्वांची प्रकृती ठीक आहे. आईंचा गुडघा आहे तसाच आहे. काल रात्री जे पाहिले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे मला कळेना, म्हणून लिहायला बसले.

धाकटीची वही टेबलावर उघडी होती. तिने उभी रेघ मारून इंदूर आणि पुणे असे दोन रकाने केले होते आणि शुल्क, मेस, खोलीचे भाडे, रेल्वेची तिकिटे असे सारे बारीक अक्षरात मांडले होते. सर्वांत खाली ‘आजीचे रात्रीचे औषध’ असे लिहून तिने पुण्याचा संपूर्ण रकाना खोडून टाकला होता. बापूंच्या आजारपणात तूही असाच पुण्याचा अर्ज मागे घेतला होतास, आणि मी भर स्टेशनवर तुला भित्री म्हणाले होते. त्यानंतरचा आपला सहा महिन्यांचा अबोला, मी पाकिटातून मेसच्या पोळीचा तुकडा पाठवला आणि तू ‘चामडे उत्तम आहे, चपला कधी पाठवतेस?’ असे उत्तर दिलेस, तेव्हा कुठे सुटला.

हिशेब तिने चांगला केला आहे, पण तो अर्धाच आहे. आपण घरीदारी मराठी बोलतो म्हणून पुणे आपल्याला आपले वाटते. परंतु दहावी-बारावी मध्य प्रदेशात झालेल्या मुलांना तिथल्या अभियांत्रिकी प्रवेशात सामान्यतः महाराष्ट्राचा कोटा मिळत नाही आणि जेईई मेनच्या गुणांवर अखिल भारतीय जागांसाठी चढाओढ करावी लागते. याउलट, १९५२ पासून चालू असलेल्या इथल्या गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी संस्थेत राज्याची रहिवासी म्हणून तिला प्राधान्य आहे. त्याच गुणांवर पुण्यात हवी ती शाखा मिळते का, हे तिने आधी पाहिले पाहिजे; शहराच्या ओढीने शाखा सोडली तर चार वर्षे नकोसा विषय शिकावा लागेल.

थोरल्याच्या वेळी मी केवळ पहिल्या वर्षाचा खर्च धरण्याची चूक केली. वसतिगृह एका वर्षापुरतेच होते. दुसऱ्या वर्षी खोलीचे डिपॉझिट, दलालाची दलाली आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार हे सारे एकदम अंगावर आले, आणि शैक्षणिक कर्जावरचे व्याज शिक्षण चालू असतानाही चढत जाते, हे बँकेचा कागद हाती आल्यावर मला समजले. पण या सगळ्यापेक्षा मला अजून सलते ते हे, की टायफॉइड झाला तेव्हा त्याने नऊ दिवस घरी कळवले नाही. रात्री दोन वाजता ताप चढला तर मी कोणाचे दार ठोठावीन, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने दूरचा अर्ज भरण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. न जमल्यास परत येण्याचाही विचार आधीच करावा. प्रवेश रद्द केल्यास शुल्क कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास तर विद्यापीठ अनुदान आयोगाचीच मनाई आहे.

हे सर्व पाहून तिने इंदूर निवडले तर मला आनंदच होईल. औषधासाठी निवडले तर मात्र मला ते सहन होणार नाही. बापूंच्या आजारपणात घरी राहिल्याचे तुला पुढे कधी वाईट वाटले का, हे मी इतक्या वर्षांत भीतीपोटी विचारले नाही. तिला ते तू खरे सांगशील का? रविवारी दुपारी तिला तुला फोन करायला सांगते.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिरंजीवांचा निकाल लागला असेल. त्याला माझे आशीर्वाद.

वहीतले पान मी पाहिले, हे तिला ठाऊक नाही. आज औषध मी देते म्हणून डबा उघडला, तर प्रत्येक पुडीवर तिने वार आणि वेळ लिहून ठेवली होती, थेट जुलैअखेरपर्यंत.

तुझी,
वैजू