सोसायटीच्या वायफायमध्ये पण पार्टिशन घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत झालेला किस्सा लिहितोय, कारण कॅमेरे आणि वायफाय आता बहुतेक बिल्डिंगांमध्ये आलेत आणि आमच्याकडे जे झालं ते कुठेही होईल. हॉलमध्ये बाप्पा, आरतीला ही गर्दी, आणि कमिटीने उत्साहाच्या भरात वायफायचा पासवर्ड थेट नोटीस बोर्डावर लावून टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला कॉम्प्युटर नेटच घेईना. मॅनेजरने तो चारदा बंद-चालू केला, केबल काढून फुंकर मारून परत लावली, आणि मग मला हाक मारली, कारण मी रिटायर होईपर्यंत हेच काम करायचो.

बघतो तर कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, १६९.२५४ पासून सुरू होणारा. राउटरकडून नंबर मिळाला नाही की विंडोज स्वतःच असला नंबर घेऊन बसतं, म्हणजे राउटरकडचे नंबर संपलेले. आमचं सगळं एकाच १९२.१६८.१ वाल्या नेटवर्कवर, मास्क (नेटवर्क केवढं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, म्हणजे २५६ नंबर, त्यातला पहिला खुद्द नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा, उरले २५४. त्यातच कॅमेरे, रेकॉर्डर, गेटवरचा टॅब, ऑफिस आणि वरून आरतीला आलेले मोबाईल. लीज, म्हणजे एकदा दिलेला नंबर राखून ठेवायची मुदत, २४ तासांची, त्यामुळे पाहुणा मोदक खाऊन कल्याणला घरी जाऊन झोपला तरी त्याच्या मोबाईलने अडवलेला नंबर दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळा होत नव्हता.

खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. मी हे बघत बसलेलो असताना शेजाऱ्यांचा अकरावीतला भाचा आला नि म्हणाला, काका हे बघा, आणि त्याच्या मोबाईलवर आमच्या गेटचा कॅमेरा लाईव्ह! रेकॉर्डरचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून कोणी बदललाच नव्हता, आणि पाहुण्यांचं वायफाय नि कॅमेरे एकाच नेटवर्कवर. पोरगा सरळ होता म्हणून दाखवायला तरी आला.

वायरिंगवाल्याला बोलावलं तर तो म्हणतो, "सर, मास्क २५५.२५५.०.० करतो, पासष्ट हजार नंबर मिळतील, टेन्शनच नाय." कमिटी लगेच खूश. मी म्हटलं अरे बाबा, गर्दी वाढली म्हणून असलेल्या भिंती पण पाडणार का? एका नेटवर्कवर प्रत्येक यंत्र अधूनमधून ओरडून विचारत असतं, हा नंबर कोणाचा, हा नंबर कोणाचा, आणि ते सगळ्यांना ऐकावं लागतं. जितकं नेटवर्क मोठं तितकी कलकल जास्त, आणि कॅमेरे तिथेच उघड्यावर.

कमिटीला मी पिनकोड घेऊन समजावलं. पोस्ट खात्यातल्या आपल्या श्रीराम वेलणकरांनी १९७२ ला आणलेला तो पिनकोड, दादर पूर्व ४०००१४, पश्चिम ४०००२८. पहिले तीन आकडे मुंबई, पुढचे तीन कुठलं पोस्ट. आयपीचं पण असंच, पहिला भाग कुठलं नेटवर्क, शेवटचा भाग त्यातलं कुठलं यंत्र. फरक एवढाच की पिनकोडमध्ये तुकडा ठरलेल्या जागी पडतो, आयपीमध्ये तो कुठे पाडायचा ते मास्क सांगतो. २५५.२५५.२५५.० च्या जागी २५५.२५५.२५५.१९२ लिहिलं की त्याच २५६ चे ६४-६४ चे चार तुकडे होतात, प्रत्येकात ६२ वापरायला. कॅमेऱ्यांना एक, ऑफिसला एक, गेटला एक. पाहुण्यांना ६२ पुरणार नाहीत, तर त्यांना वेगळंच ५१० वालं द्या ना. १० ने सुरू होणारे खाजगी नंबर १ कोटी ६७ लाखांच्या वर आहेत, कोणीही आपल्या बिल्डिंगमध्ये वापरावेत. १९८५ ला सबनेटची, म्हणजे नेटवर्कचे असे तुकडे पाडायची, पद्धत ठरली तेव्हा मुद्दा एका संस्थेला मिळालेलं मोठं नेटवर्क आत वाटून घ्यायचा होता, पुढे ९३ साली क्लासची, म्हणजे ठरलेल्या मापांचीच नेटवर्कं द्यायची, पद्धत गेली ती नंबर वाया जातात म्हणून. सोसायटीत वाचवायचं काही नाही, भिंत घालायची एवढंच.

पण इथेच बरेच वायरिंगवाले फसवतात, किंवा त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. नुसते आकडे बदलून भिंत होत नाही. सगळ्यांच्या केबल एकाच साध्या स्विचमध्ये, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या डब्यात, असतील तर कोणीही मोबाईलमध्ये हाताने आयपी टाकून पलीकडे जाऊ शकतो. त्यासाठी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्कं, करता येणारा स्विच लागतो, आणि राउटरवर नियम पण लिहावा लागतो की पाहुण्यांकडून कॅमेऱ्यांकडे काही जायचं नाही, नाहीतर राउटर दोन सबनेट आपणहून जोडून देतो, त्याचं कामच ते. आमच्या पहिल्या बिलात "नेटवर्क सेटअप" एवढे दोनच शब्द होते आणि त्यात यातलं काही नव्हतं.

तेव्हा ज्या सोसायट्यांची कोटेशनं सध्या टेबलावर आहेत त्यांच्या सेक्रेटरींना माझी विनंती, सही करायच्या आधी एक कागद मागा, कुठलं सबनेट कशासाठी, कुठून कुठे जायला बंदी, आणि बंदी खरंच आहे का ते पाहुण्यांच्या वायफायवरून रेकॉर्डर उघडायचा प्रयत्न करून तिथल्या तिथे दाखवायला लावा. आमचा कागद आता मीटर रूममध्ये स्विचच्या डब्याला चिकटवलाय, आणि तो बरोबर आहे का ते बघायला आम्ही त्याच भाच्याला बसवला होता. अर्धा तास खटपट करून कंटाळला बिचारा.

आपला,
एक निवृत्त नेटवर्कवाला, बोरिवली