शेंडे छाटून धोका टळत नाही

महोदय,

‘पावसाळ्यापूर्वी उद्यानांतील धोकादायक झाडांची छाटणी’ ही बातमी वाचली. सोबतच्या छायाचित्रात गुलमोहराचे चक्क मुंडण केलेले दिसते. अशाने धोका टळत नाही, वाढतो. कापलेल्या ठिकाणी पाणी मुरून लाकूड कुजते, आणि तिथेच फुटलेल्या धुमाऱ्यांची पकड वरवरची असते. पुढे जाडजूड झाल्यावर वाऱ्यात मोडतात ते हेच.

तपासणी बुंध्यापासून हवी. लाकडी हातोडीने ठोकले की पोकळ जागी आवाज बदलतो. पोकळीभोवतीचे निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून कमी उरले, तर झाड धोक्याचे, असा ढोबळ आडाखा आहे. बुंध्याशी बुरशीची छत्री दिसली, तर मुळे कुजल्याची शंका घ्यावी. फांदी काढायचीच, तर खोडापासून फूटभरावर आधी खालून काप द्यावा, मग किंचित पुढे वरून. नाहीतर साल खोडापर्यंत सोलत येते. उरलेला ठोंब खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावा. वर डांबर फासू नये.

झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती येईपर्यंत त्याखालचा बाक तरी हलवा!

– एक वाचक, पुणे