लिलाव करा, पण हिशोब कोण ठेवणार?

मा. संपादक,

फँटसी फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलमधले खरे प्लेअर निवडून आपली कागदावरची टीम करायचा खेळ) खेळणाऱ्यांना एक सांगायचंय. स्नेक ड्राफ्टमध्ये (म्हणजे पाळीपाळीने एकेक प्लेअर उचलायचा, दर फेरीला क्रम उलटा) तुमचा नंबर शेवटी आला की टॉपचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) गेलाच समजा, लिलावात तसं नाही, प्रत्येकाकडे २०० डॉलर (खोटेच हो), कुणीही कुणावरही बोली लावू शकतो. म्हणून मला लिलावच आवडतो. पण तो चालवणाऱ्याचं डोकं जाग्यावर पाहिजे.

गेल्या सीझनला आमच्या लीगमध्ये ते काम माझ्या गळ्यात पडलं. १६ जणांची टीम भरायची होती आणि एका गड्याने तीन प्लेअरवरच १७० उडवले, मग १३ जागा आणि हातात ३०. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी एक डॉलर राखून ठेवावाच लागतो, म्हणजे बाकी १२ जागांचे १२ वजा जाता त्याची बोली १८ च्या वर जाऊच शकत नव्हती, तरी पठ्ठ्या २२ ओरडला आणि मी पण 'गेला!' म्हणून मोकळा झालो. शेवटी त्याच्या चार जागा रिकाम्या आणि भांडण अर्धा तास.

तेव्हा प्रत्येकाची कमाल बोली सगळ्यांना दिसेल अशी स्क्रीनवर ठेवाच. आणि बोलीसाठी प्लेअर पुकारायची आपली पाळी आली की आधी आपल्याला नको असलेला महागडा प्लेअर पुकारा, दुसऱ्यांचे खिसे हलके होतात. किकरवर (बॉलला फक्त लाथ मारणारा, त्याला कुणी फार मोजत नाही) एका डॉलरच्या वर जाणाऱ्याला मात्र कुणी अडवू नका, आमच्यात एकाने पाच घातले, त्याला आम्ही अजून चिडवतोय.

एक वाचक