ब्रुकलिनचे घर आणि गोव्यातली दारू

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्रांविषयी आपल्या वाचकपत्रांत सध्या दोन टोकांची मते वाचायला मिळतात. ख्रिस्ती संस्थेच्या निवासी केंद्रात माणूस पाठवला की तो धर्माने गेलाच समजा, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे, दारू प्रार्थनेनेच सुटते, तिथे डॉक्टरची लुडबुड कशाला? मी डिचोली तालुक्यात आयुष्यभर शिक्षिका होते. बापाने वह्यांचे पैसे बारवर उडवले म्हणून वर्गात रिकाम्या हाताने बसणारी मुले मला दर वर्षी दिसत होती. त्यामुळे हा वाद मला नुसता तात्त्विक वाटत नाही. ही केंद्रे मुळात कुठून आली, हे दोन्ही पत्रलेखकांनी पाहिले असते तर बरे झाले असते, म्हणून हे पत्र.

१९५८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावच्या पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्याने, डेव्हिड विल्करसन यांनी, ‘लाइफ’ साप्ताहिकात न्यूयॉर्कच्या सात पोरांचे चित्र पाहिले. पोलिओने अधू झालेल्या एका मुलाच्या खुनाचा खटला त्यांच्यावर चालला होता. विल्करसन गाडी काढून न्यूयॉर्कला गेले. कोर्टात त्या पोरांना भेटता आले नाही, उलट त्यांनाच बाहेर काढण्यात आले. तरीही ते त्या शहरात परत परत जात राहिले आणि गल्लीबोळांतल्या टोळ्यांपुढे प्रवचने करू लागले. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. प्रवचनाने डोळे पाणावलेला मुलगा रात्री त्याच कोपऱ्यावर, त्याच हेरॉइन विकणाऱ्यासमोर उभा राहत होता. म्हणून १९६० साली ब्रुकलिनमधल्या क्लिंटन ॲव्हेन्यूवर एक मोठे घर घेतले गेले. ‘टीन चॅलेंज’ या संस्थेचे हे पहिले निवासी केंद्र. दोनेक वर्षांत पेनसिल्व्हेनियात शेतीवाडीचे दुसरे केंद्र उभे राहिले. शहरात सुरुवातीचे काही महिने काढायचे आणि मग शेतावर गुरे, सुतारकाम, अभ्यास आणि प्रार्थना. सगळे मिळून वर्षभराच्या आसपास. आज ही संस्था अनेक देशांत पसरलेली आहे.

त्या घरात औषधाविना हेरॉइन सोडवत. तलफेने तळमळणाऱ्या पोराच्या उशाशी रात्रंदिवस कुणी ना कुणी बसून राही. त्यांतले काही जण स्वतः त्यातून गेलेले असत. पाठ चोळायची, ओकारी पुसायची, प्रार्थना म्हणायची. हे वाचताना माझा ऊर भरून आला, हे मी मोकळेपणाने सांगते. ज्यांना शहराने टाकून दिले होते, त्यांच्याजवळ कुणीतरी रात्रभर जागत होते.

आता गोव्याकडे पाहू. इथले पहिले दुखणे हेरॉइन नाही. किनारी भागात अमली पदार्थ आहेत, नाही असे नाही. पण डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या तालुक्यांतली घरे खाल्ली ती दारूने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी देशात सुमारे १९ टक्के दारू पिणारे आढळले, तर गोव्यात सुमारे ३७ टक्के. आणि दारू एकदम बंद करणे हे हेरॉइन बंद करण्यापेक्षा जिवाला अधिक धोक्याचे असते. हेरॉइन सुटताना यातना भयंकर होतात, पण एरवी धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू तोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, अंग फणफणते, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. त्या दिवसांत झोपेची आणि फिट रोखणारी औषधे लागतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने लागतात. ब्रुकलिनची रीत हेरॉइनमधून घडली. ती जशीच्या तशी उराक-फेणी या काजूच्या दारूच्या मुलखात आणणाऱ्याने आधी बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा रस्ता विचारावा. प्रार्थना जरूर करा, पण सलाईन लावून करा.

टीन चॅलेंजच्या यशाचे मोठमोठे टक्केही नेहमी सांगितले जातात. १९७० च्या दशकात झालेल्या एका अभ्यासातला ८६ हा आकडा फार प्रसिद्ध आहे. तो पूर्ण कार्यक्रम पार पाडलेल्यांचा आहे. दाखल झालेल्यांपैकी बहुतेक जण मधूनच निघून गेले होते, हे सांगायचे मात्र राहून जाते. शेत विकून मुलाचे पैसे भरणाऱ्या आईला असा अर्धा आकडा सांगणे मला अन्यायाचे वाटते, मग केंद्र कुठल्याही धर्माचे असो.

धर्मांतराची भीती घालणाऱ्या पत्रलेखकांना मुंबईचे उदाहरण सांगते. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. हे फादर बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. दारू सोडू पाहणारे सभांतून एकमेकांना आधार देतात, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या संघटनेच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. सर्व धर्मांची माणसे तिथे राहून गेली. आपल्या हणजुणेतही त्यांचे केंद्र आहे. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बारा पायऱ्याही ख्रिस्ती चळवळीच्या पोटातूनच आल्या. १९३५ साली अमेरिकेत ए.ए. सुरू करणारे दोघे दारुडे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती मंडळींतले होते. पुढे त्यांनी ‘ज्याला जसा ईश्वर कळला तसा’ अशी मोकळीक ठेवली, म्हणून वारकऱ्यालाही त्यांच्या सभेत बसता येते. आणि पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभारले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. धर्माचा आधार न घेताही हे काम उभे राहते आणि टिकते, हे त्यांनी दाखवले.

टीन चॅलेंजसारख्या संस्था मात्र येशूवरची श्रद्धा हाच आमचा उपचार, असे उघड सांगतात. त्यात लपवाछपवी नाही, आणि ज्याला ते हवे त्याने जावे. माझी हरकत एवढीच की हे घरच्यांना दारातच, समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. हात थरथरत असलेल्या, पहिल्या आठवड्यातल्या माणसाची श्रद्धेबाबतची ‘हो’ मी खरी मानणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार येतात. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते, रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. हा नियम क्रॉस लावलेल्या केंद्राला आणि ओम लावलेल्या केंद्राला सारखाच लागू आहे.

पण ‘तिथे पाठवू नका’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी पर्याय काय ठेवला आहे? ए.ए.च्या सभांना जागा देण्यात चर्च आणि शाळा पुढे असतात. आपल्या देवस्थानांना प्रशस्त अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या खोल्या, आहेत. लग्नसराई आणि जत्रा सोडल्या तर कितीतरी खोल्या कुलूपबंद असतात. केंद्रातून परतलेला माणूस पहिल्या संध्याकाळी जातो कुठे? त्याचे सगळे सोबती बारवर बसलेले असतात. विल्करसनना ब्रुकलिनच्या कोपऱ्यावर दिसले ते हेच. देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या महाजनांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली ए.ए.च्या सभेला द्यावी. भाडे घेऊ नये, नाव विचारू नये. शेजारच्या खोलीत त्यांच्या बायकांनाही बसू द्यावे, कारण सोसले त्यांनीच जास्त.

आपल्या वृत्तपत्राने एक काम करावे अशी विनंती. राज्यातल्या सर्व निवासी केंद्रांची माहिती एका पानावर छापावी: नोंदणी आहे का, रात्री डॉक्टर असतो का, महिन्याचा खर्च किती, प्रार्थना सक्तीची आहे का, घरच्यांना कधी भेटू देतात, आणि बाहेर पडल्यावर विचारपूस कोण करतो. ते पान मी आमच्या वाचनालयाच्या फलकावर स्वतः लावीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डिचोली