एलईडी पट्टी विकताना वॅटही सांगा

माननीय संपादक,

गणपती तोंडावर आले की बाजारात एलईडी पट्ट्यांच्या रिळांचे ढीग लागतात. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं, रंग कोणता आणि किती मीटर. दुकानदारही तेवढंच सांगून बिल फाडतो. मीटरला किती वॅट, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. मी कराडात वायरमनचं काम करतो. सणाच्या दिवसांत ‘पट्टी लागत नाही’, ‘पट्टी फडफडते’, ‘अ‍ॅडॉप्टरचा वास येतोय’ असे जे फोन मला येतात, त्यांतले बहुतेक या न विचारलेल्या आकड्यापायीच असतात.

घरात लावतात ती पट्टी बहुधा १२ व्होल्टची, पाच मीटरच्या रिळाची. त्यातही प्रकार आहेत. बारीक दाण्याची, मीटरला ६० दिव्यांची साधी पट्टी मीटरला साधारण ४.८ वॅट घेते. रिळाचे झाले २४ वॅट, त्याला १२ व्होल्टने भागलं की २ अँपिअर. मोठ्या चौकोनी दाण्याची, जिला बाजारात ५०५० म्हणतात, तिच्यातही मीटरला ६०च दिवे असतात, पण ती १४.४ वॅट ओढते. तिच्या रिळाला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर लागतात. तिप्पट फरक! तरीही दोन्ही रिळांबरोबर तोच दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पिशवीत टाकलेला मी पाहतो. काही घरी तर जुन्या राउटरचा एक अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर शोधून काढतात. त्यावरही १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पिन बसते, पट्टी उजळते, मग शंका यायचं कारणच उरत नाही.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. १२ व्होल्टच्या पट्टीला २४ व्होल्ट दिले तर पट्टी कामातून जाते. पण तेवढ्यावर भागत नाही. अँपिअर कमी पडले की चांगला सप्लाय, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, स्वतःला बंद करून घेतो आणि पट्टी लुकलुकू लागते. स्वस्तातला मात्र तसाच तापत राहतो. याच्या उलट एक भीती लोकांच्या मनात घट्ट बसलेली आहे, की दहा अँपिअरचा सप्लाय लावला तर पट्टी जळेल. ती जळत नाही. पट्टी तिला हवा तेवढाच करंट घेते. ७२ वॅटच्या पट्टीला शंभर वॅटचा सप्लाय घ्यावा, म्हणजे तो तासन् तास निवांत चालतो. मोठा सप्लाय घेतला की पुढची वायर मात्र त्या मानाने जाड हवी, दोऱ्यासारखी नको.

थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, ते उत्तमच झालं. तेव्हापासून मखरं पुठ्ठ्याची, कागदाची, कापडाची होतात आणि सप्लाय नेमका त्यांच्याच मागे दडवला जातो. गेल्या वर्षी एका घरी कैलासाची आरास होती. मी मागचा पडदा सारला तर अ‍ॅडॉप्टर कापसाच्या ढगात खुपसलेला. काळ्या प्लास्टिकची एक कड मऊ होऊन तिला कापूस चिकटला होता. पुढे समई तेवत होती आणि घरातली सगळी मंडळी मुलांना त्या समईपासून लांब ठेवत होती. मागच्या बाजूला काय चाललंय, याची कुणाला कल्पना नव्हती. सप्लाय उघड्यावर, हवा लागेल असा, लादीवर किंवा लाकडी पाटावर ठेवावा. तो दिसला तर दिसू दे.

त्याहून मोठा घोर मला दुसऱ्या पट्टीचा लागतो. थेट २३० व्होल्टवर चालणारी पट्टी हल्ली सर्रास मिळते. जाड पारदर्शक आवरणाची, टोकाला फुगीर पिन असलेली. लांबून ती १२ व्होल्टच्या पट्टीसारखीच दिसते, म्हणून लोक तिलाही मखराच्या मापाने कात्रीने कापतात आणि टोकाला सेलोटेप गुंडाळतात. पिनेजवळच्या त्या फुगीर डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरच्या विजेचा जोर जसाच्या तसा पट्टीभर असतो. अशा कापलेल्या टोकाला मी टेस्टर लावून दाखवला, तो लख्ख पेटला. शेजारीच अभिषेकाचं पाणी, पंचामृत, ओल्या दूर्वा. ही पट्टी पूजेच्या जागी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लावायचीच असेल तर ठरलेल्या खुणेवरच कापून, टोकाला तिचीच टोपी घट्ट बसवून, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर.

मंडळांचे कार्यकर्ते मोठे जाळीदार एसएमपीएस, म्हणजे अ‍ॅडॉप्टरचंच काम करणारे मोठे सप्लाय, वापरतात. त्यांची डबी धातूची असते, तिला अर्थिंग द्यायलाच हवं. दोन पिनांची वायर जोडून अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडलेला मला नेहमी दिसतो. काही डब्यांच्या कुशीत ११० आणि २२०चं बटण असतं, तेही वीज देण्याआधी २२०वर आहे ना ते पाहावं. आणि पाच मीटरच्या पुढे पट्टीला पट्टी जोडत नेऊ नये. लांबच्या नळाला पाणी बारीक यावं तसा शेवटचा उजेड मंद पडतो आणि पहिल्या तुकड्यावर सगळा भार येतो. प्रत्येक रिळाला सप्लायपासून वेगळी वायर काढावी.

महावितरण दरवर्षी मंडळांना अधिकृत जोडणी घेण्याचं आवाहन करतं, मंडपांची तपासणीही होते. घरच्या मखरामागे मात्र कुणी डोकावत नाही. म्हणून दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की पट्टी विकताना बिलावर तीन गोष्टी लिहून द्या: व्होल्ट, मीटरला वॅट आणि किती अँपिअरचा सप्लाय लागेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गिऱ्हाइकांनीही हे लिहून मागावं. सप्लायवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर दुकानातच तपासता येतो.

ज्यांनी पट्टी आधीच लावली असेल, त्यांनी ती तासभर चालू ठेवून अ‍ॅडॉप्टरला हाताचा मागचा भाग लावून पाहावा. कोमट लागला तर हरकत नाही. चटका बसला तर बटण बंद करून तो बदलून घ्यावा, आणि रात्री झोपताना पट्टी बंदच ठेवावी.

– एक वायरमन, कराड