नवतप्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरात ठेवायच्या छोट्या सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांच्या, रोपांबद्दल लेख आला होता. त्यात ठळक टाइपात छापलं होतं की कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा आणि रोज सहा तास थेट ऊन मिळू द्या. आमच्या गावात अशी रोपं आता पुष्कळ घरी आहेत, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी कपातलं रोप वाण म्हणून द्यायची टूम निघाली आहे. लेख वाचून दोघी-तिघी मला विचारायला आल्या. माझ्याकडेच का, तर मी शिवणकाम करते आणि माझी मशीन दक्षिणेच्या खिडकीशी आहे.

काळ्या कापडावर काळी शिलाई मारायची असली की उजेडाकडे लक्ष ठेवावंच लागतं. संक्रांतीच्या दिवसांत त्या खिडकीतून ऊन थेट मशीनच्या पायडलपर्यंत आत येतं. होळीच्या सुमारास ते मागे सरकत खिडकीच्या कट्ट्याजवळ जातं. आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना, त्या खिडकीत उन्हाची तिरीपसुद्धा पडत नाही. आमचा वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे संपता संपता दुपारचा सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीही तो थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीचा नियम इंग्लंड-युरोपसारख्या देशांतला, जिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच दिसतो. तिथलं पुस्तक चुकीचं नाही, पण ते आमच्या खिडकीत बसत नाही.

म्हणजे जानेवारीत वाण म्हणून आलेलं रोप दक्षिणेच्या खिडकीत मजेत राहतं, कारण तेव्हाचं ऊन तिरपं आणि कोवळं असतं. मे-जूनमध्ये तीच जागा त्याला अपुरी पडते, वरून पावसाळ्याचं आभाळ भरून येतं. मग रोप मान लांब करतं. मधला दांडा वाढतो, पानं एकमेकांपासून फाकतात, रंग फिका पडतो, आणि घरातली म्हणते, "बघा, कसं वाढलं!" ते उजेड शोधत निघालेलं असतं. लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. वरचा शेंडा कापून, काप चार-पाच दिवस सावलीत सुकवून नव्याने लावावा लागतो. अशा रोपाला रोज पाणी घातलं तर ते बुडाशी कुजतं, आणि वाणाच्या कपांना तर खाली भोकही नसतं. तुळशीला पाणी घालता घालता त्यातही तांब्या उपडा करणाऱ्या आमच्याकडे खूप. आधी भोक पाडा, मग उजेडाचं बोलू.

आता पश्चिमेचं. लेखात दिशांचा उल्लेख होता, पण पश्चिमेच्या खिडकीबद्दल एक ओळ नव्हती. लेखकांनी मे महिन्यात दुपारी तीन वाजता माझ्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावा, असं माझं त्यांना प्रेमाचं आमंत्रण आहे. वर टिन, बाजूला तापलेल्या विटा. ती भिंत रात्री जेवणं आटोपली तरी गरमच असते. ही रोपं पानांची रंध्रं, म्हणजे श्वासाची बारीक छिद्रं, दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्रीही गारवा मिळाला नाही तर ती वाढ थांबवून बसतात. अशा जागी थेट उन्हाने पानांवर पांढरट चट्टे पडतात, मग ते तपकिरी आणि कागदासारखे होतात. तो डाग भरून निघत नाही, ते पान गळेपर्यंत तसाच राहतो. कडा नुसत्या लालसर झाल्या तर घाबरायचं कारण नाही, जास्त उजेडात काही जातींची पानं तशी होतातच.

आमच्याकडे सर्वांत चांगली जागा पूर्वेची सपरी, म्हणजे ओसरी. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन आणि नंतर दिवसभर मोकळ्या आभाळाचा उजेड. मार्च ते जून तेवढंही पानांना कडक वाटलं तर तुराट्यांच्या मांडवाखाली सरकवा, हिरवी नेट बांधा, नाहीतर जुन्या सुती साडीचा पडदा लावा. साडी मला जास्त आवडते, पण तो माझ्या धंद्याचा दोष. शिवाय सगळ्यांना एकच माप लावू नका. पट्ट्यापट्ट्यांची, टोकाशी काचेसारखी पानं असलेली हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या बुडाशी, दगडांच्या आडोशाला वाढते. तिला आडूनचा उजेड पुरतो. गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिला ऊन जास्त हवं, पण तिच्या गावाला आमच्यासारखा मे नसतो.

डोळ्यांवर मात्र विसंबू नका. खोलीत खिडकीपासून आठ-दहा फुटांवर मला सुईत दोरा ओवता येतो, म्हणून ती जागा उजेडाची वाटते. माझ्या भाच्याने मोबाइलच्या ॲपवर मोजून दाखवलं, तिथे काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप). दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात असतो. आपला डोळा फरक भरून काढतो, पान कुठून काढणार? ॲप नसेल तर दुपारी रोपावर हात धरा. सावली काठाकाठाने रेखीव पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर मध्यम, सावलीच दिसत नसेल तर टीव्हीवरचं ते रोप आजच खाली उतरवा.

नर्सरीवाल्यांनीही विकताना एक सांगावं, की रोप नेटखाली वाढलंय की उघड्यावर. नेटखालचं रोप एकदम उन्हात नेलं की दोन दिवसांत भाजतं. रोज थोडा वेळ वाढवत दहा-बारा दिवसांत त्याला सवय लावावी लागते, आणि हे काम पावसाळा संपल्यावर किंवा हिवाळ्यात करावं, एप्रिलमध्ये नाही.

पुढच्या वेळी हे सदर छापाल तेव्हा सल्ल्यासोबत महिना आणि दिशा दोन्ही द्यावी, ही विनंती. आणि जमलं तर ते संक्रांतीच्या आधीच्या रविवारी यावं, म्हणजे वाण देणाऱ्या बायका कप घेण्याआधी वाचतील.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा