'आधी कॉपी काढूया' म्हणणाऱ्या दादांस

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात तुम्ही येऊन गेलात. निघताना तुमच्याशी दोन शब्द बोलायचे होते, पण गळा दाटून आला. म्हणून हे जाहीर पत्र.

जत्रेतल्या मराठी नाटकांच्या जुन्या हस्तलिखित वह्या आम्ही स्कॅन करतोय. पावसाळा आणि वाळवी यांच्या तावडीतून सुटल्या तेवढ्याच उरल्यात. एका लिनक्स कॉम्प्युटरवर स्कॅन साठतात आणि दुसऱ्यावर कॉलेजची मुलं पानं लावतात. त्या दुसऱ्यावर फोल्डर दिसायचा, उघडायचाही, पण सेव्ह करायला गेलं की 'परमिशन डिनाइड'.

तुमच्याआधी आलेल्यांपैकी एकाने केबल बदलून बिल लावलं. दुसऱ्याने सगळ्या फाइलींना ७७७ ही सरसकट परवानगी लावली, म्हणजे कुणीही यावं आणि पुसून जावं. नवे स्कॅन आले की पुन्हा तेच रडगाणं. शेवटचा तर म्हणाला, "लिनक्स काढा, फॉरमॅट मारतो." वह्या होत्या त्याच डिस्कवर! आत काय आहे हे विचारायचीही त्याला गरज वाटली नाही. तो संताप अजून उतरलेला नाही.

तुम्ही मात्र खुर्चीवर बसताच विचारलंत, "ह्यात काय आहे?" एक पान मोठं करून समासातली लाल शाईतली 'इथे घंटा' ही खूण वाचलीत. मग बॅगेतून स्वतःची डिस्क काढलीत. "आधी कॉपी काढूया, मग हात लावू." कॉपी होईस्तोवर तुम्ही तिथेच बसून राहिलात, आणि झाल्यावर त्यातली चार-पाच पानं उघडून नीट दिसतात ना ते पाहिलंत. दादा, आमच्या वह्यांना इतकं जपून हाताळणारे परके तुम्हीच पहिले.

दोष सापडायला फार वेळ लागला नाही. एका कॉम्प्युटरवरचा फोल्डर दुसऱ्यावर वापरू देणारी, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली एनएफएस ही व्यवस्था आमच्यासारख्या साध्या मांडणीत खात्याचं नाव बघत नाही, नंबर बघते. एका मशीनवर आमच्या खात्याचा नंबर १०००, दुसऱ्यावर १००१, कारण तिथे कुणीतरी आधी दुसरं खातं उघडलेलं. "नाव तेच, पण रेशनकार्डाचा नंबर वेगळा," असं तुम्ही मुलांना सांगितलंत. नंबर जुळवलेत, जुन्या फाइलींची मालकी सरळ केलीत, ७७७ काढून टाकलंत.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात. दुसऱ्याची वस्तू हातात घेण्याआधी थांबणारी फार थोडी, आणि गावोगावच्या संस्था अशांच्याच भरवशावर उभ्या आहेत.

तुमची डिस्क तुम्ही परत घेतली नाहीत. "एक प्रत वाचनालयाबाहेर असू दे," म्हणालात. ती आता आमच्या मास्तरांच्या कपाटात आहे. फीचं पाकीटही टेबलावर तसंच ठेवून गेलात, ते मात्र चालणार नाही. जत्रेला घरच्यांना घेऊन या. जेवण आमच्याकडे, आणि पाकीट तेव्हा घ्यावंच लागेल.

आपला,
वाचनालयाचा कार्यवाह